पडद्यावरचा खुनी आणि अंधारातला प्रेक्षक

‘सत्य घटनेवर आधारित’ ही अक्षरे पडद्यावर उमटली की प्रेक्षकाच्या बसण्यातच फरक पडतो. कल्पित रहस्यकथा पाहताना तो कोडे सोडवीत असतो. घटना खरी आहे असे कळताच तो न्यायनिवाडा करू लागतो. दुकान वाढवून मंडळी घरी आलेली असतात, सगळे कुटुंब दूरदर्शनसंचासमोर बसलेले असते, आणि पहिला संशयित दिसताच कोणीतरी म्हणते, ‘हाच तो. डोळेच सांगतात.’ अर्ध्या तासाने दुसरा संशयित येतो आणि त्याच्याविषयीही तितक्याच खात्रीने तेच म्हटले जाते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शेवटी खरे उत्तर मिळणार आहे आणि मधल्या चुका विसरल्या जाणार आहेत, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

ते उत्तर न देणारा एक चित्रपट २००३ साली दक्षिण कोरियात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक बोंग जून-हो. पुढे २०२० मध्ये ‘पॅरासाइट’साठी ऑस्कर मिळाल्यामुळे हे नाव आपल्याकडेही परिचित झाले. त्यांच्या त्या आधीच्या चित्रपटाचे नाव ‘मेमरीज ऑफ मर्डर’, म्हणजे हत्येच्या स्मृती. सुमारे पावणेपाच कोटी वस्तीच्या त्या देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रपटगृहात जाऊन पाहिला. त्या वर्षी त्या देशात एवढा प्रेक्षक दुसऱ्या कोणत्याही कोरियन चित्रपटाला लाभला नाही. ज्याचा शेवट सर्वांना आधीपासून ठाऊक होता, आणि तो शेवट म्हणजे ‘खुनी सापडला नाही’ एवढाच होता, अशा चित्रपटाला ही गर्दी झाली.

मूळ घटना ह्वासंग या ग्रामीण परगण्यातील. राजधानी सोलच्या दक्षिणेस, भातखाचरांचा हा प्रदेश. सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ या काळात तेथे दहा स्त्रियांची हत्या झाली. त्यांत शाळकरी मुली होत्या आणि सत्तरी ओलांडलेली वृद्धाही होती. देशात तेव्हा लष्करी राजवटीचा शेवटचा काळ चालू होता आणि रस्त्यांवर लोकशाहीसाठी आंदोलने होत होती. पोलिसांनी सुमारे एकवीस हजार लोकांची चौकशी केली. या तपासासाठी खर्ची पडलेले मनुष्यबळ मोजायला गेले, तर वीस लाखांहून अधिक मानवी दिवस भरतात. शेतात एक बुजगावणे उभे करून, शरण न आल्यास हातपाय सडून मरशील, अशी पाटीही त्याच्या अंगावर लावण्यात आली होती. हतबल झालेली यंत्रणा शेवटी शापावर येते, त्याचा हा नमुना. पावसात लाल कपडे घालून बाहेर पडू नये, असा प्रवाद गावोगाव पसरला. चित्रपटानेही तो उचलला, आणि पुढे लोक तो प्रवादच घटनेचा भाग मानू लागले.

चित्रपटात दोन पोलीस अधिकारी आहेत. एक गावातला, सोंग कांग-हो या नामवंत नटाने रंगवलेला. माणसाच्या डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखता येतो, अशी त्याची घमेंड. दुसरा सोलहून आलेला. कागदपत्रे खोटे बोलत नाहीत, ही त्याची श्रद्धा. आरंभीच एक लहानसा प्रसंग आहे. ठाण्यात दोन तरुण शेजारी शेजारी बसले आहेत. एक बलात्काराचा आरोपी, दुसरा त्या पीडितेचा भाऊ, ज्याने आरोपीला पकडून आणले. वरिष्ठ अधिकारी विचारतो, डोळे पाहून सांग, यातला गुन्हेगार कोणता? कॅमेरा त्या दोघांवर स्थिरावतो. प्रेक्षकही मनात एकाची निवड करून टाकतो. आणि उत्तर न देताच प्रसंग संपतो. चित्रपटाचा सगळा अर्थ या अर्ध्या मिनिटात आला आहे. पण बहुसंख्य प्रेक्षक तो विनोद समजून पुढे जातात.

हसण्याच्या जागा या चित्रपटात पुष्कळ आहेत, आणि त्याच अधिक विचार करण्यासारख्या आहेत. संशयित म्हणून पहिल्यांदा धरला जातो तो एक मंदबुद्धी तरुण. त्याला तळघरात नेऊन बदडतात. मारणारा हवालदार बुटावर कापडी आवरण चढवतो, म्हणजे वळ उठणार नाहीत. मग त्या तरुणाकडून कबुलीजबाब पाठ करून घेतला जातो. तो चुकला की शिक्षकाने विद्यार्थ्याला सांगावे तसे पुन्हा सांगितले जाते. मारझोड आणि जेवण यांचे चक्र असे रचले आहे की प्रेक्षागृहात हशा पिकतो. नंतर त्या तरुणाचे काय होते ते पाहिल्यावर, मघाशी हसलो याची टोचणी लागावी, अशी दिग्दर्शकाची योजना. ती किती जणांना लागली हे मोजता येत नाही. तिसऱ्या संशयिताच्या वेळेपर्यंत मात्र प्रेक्षक सावध होण्याऐवजी अधिकच आतुर झालेला असतो. कारखान्याच्या कचेरीत काम करणारा, शांत, देखणा, मऊ हातांचा तो तरुण दिसताच सर्वांचा निकाल ठरून जातो. कागदपत्रांवर विश्वास ठेवणारा अधिकारीही शेवटी त्याच्यावर पिस्तूल रोखतो, आणि त्या क्षणी चित्रपटगृहातील बहुतेकांना गोळी सुटावी असेच वाटत असते. अमेरिकेतून आलेला डीएनए तपासणीचा अहवाल त्याच्याशी जुळत नाही. प्रत्यक्षातही एका प्रकरणातील नमुने तपासणीसाठी परदेशी, जपानला पाठवावे लागले होते. कोरियात तेव्हा ती सोय नव्हती. अहवाल भिजतो, फाटतो, तरुण बोगद्याच्या अंधारात निघून जातो. आणि प्रेक्षकांतील अनेक जण पुढची सोळा वर्षे म्हणत राहिले की, अहवाल काहीही असो, खुनी तोच होता.

चित्रपटाचा शेवट २००३ सालातला आहे. गावातला तो अधिकारी पोलीसखाते सोडून विक्रेता झालेला आहे. रस काढण्याची यंत्रे विकतो आणि गाडीत बसून मालाच्या मागणीविषयी फोनवर बोलत असतो. (व्यापारी वाचकांना हा माणूस आता कुठे शहाण्या धंद्याला लागला असे वाटले, तर नवल नाही.) वाटेत तो त्या जुन्या शेताशी थांबतो, जिथे पहिला मृतदेह मिळाला होता तो पाट वाकून पाहतो. एक लहान मुलगी सांगते की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस असाच येऊन पाहून गेला. तो दिसायला कसा होता? साधाच, चारचौघांसारखा. तेव्हा तो अधिकारी मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे पाहतो.

या शेवटच्या दृष्टीमागे एक विचार होता आणि बोंग यांनी तो पुढे अनेकदा सांगितला. खरा खुनी जिवंत असेल तर तो हा चित्रपट पाहायला येईल, अशी त्यांची अटकळ होती. त्याची आणि त्या अधिकाऱ्याची नजरानजर व्हावी, एवढ्यासाठी ती चौकट. हजारो चित्रपटगृहांतील लाखो प्रेक्षकांमधून त्यांना एकाच प्रेक्षकाची प्रतिक्रिया हवी होती. चित्रपट पाहून बाहेर पडणारे लोकही शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी चेहऱ्याकडे क्षणभर पाहत असतील, तर त्यात आश्चर्य नाही.

त्या वेळी खुनी चित्रपटगृहात येण्याची शक्यता मुळीच नव्हती, हे उघड व्हायला २०१९ उजाडावे लागले. जपून ठेवलेल्या कपड्यांवरील सूक्ष्म अवशेषांची नव्या तंत्राने तपासणी झाली आणि ते ली चुन-जे नावाच्या कैद्याशी जुळले. १९९४ मध्ये स्वतःच्या मेहुणीचा खून केल्याबद्दल तो बुसानच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. चौकशीत त्याने चौदा खून आणि अनेक बलात्कार कबूल केले. तो ह्वासंगचाच रहिवासी. तपासाच्या काळात त्याचीही चौकशी झाली होती. पण खुन्याचा रक्तगट ‘बी’ असल्याचे पोलिसांनी पक्के धरले होते आणि याचा होता ‘ओ’. आरंभीची शिल्लकच चुकीची मांडली की पुढची सगळी पाने कितीही काटेकोर लिहिली तरी वही जुळत नाही, तसे ते झाले. एकवीस हजार नोंदी तपासल्या गेल्या आणि हवी ती नोंद पहिल्याच चाळणीत बाजूला पडली होती.

बातमी आली तेव्हा बोंग यांनी त्या माणसाचे छायाचित्र पाहिले. इतकी वर्षे ज्या चेहऱ्याची कल्पना करीत आलो तो अखेर पाहायला मिळाला, मनातील भावना सांगायला अजून वेळ लागेल, पण पोलिसांच्या चिकाटीचे मात्र कौतुक करायला हवे, अशा आशयाचे ते बोलले. कोरियातील सर्वसामान्य प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रियाही अशीच सुटकेची होती. सोळा वर्षे अर्धवट राहिलेल्या चित्रपटाला शेवट मिळाला. पोलिसांचे कौतुक थोडे घाईचे ठरले, हे पुढच्या काही आठवड्यांत दिसले.

कारण दहांपैकी एक खून चित्रपटात नव्हताच, आणि तो का नव्हता याची कोणी फारशी चौकशीही केली नव्हती. सप्टेंबर १९८८ मधील हा आठवा खून. तेरा वर्षांच्या मुलीची तिच्या घरातच हत्या झाली होती. इतर प्रकरणांचा थांग लागत नसताना हे एक प्रकरण मात्र ‘सुटले’ होते. १९८९ च्या जुलैमध्ये शेतीची अवजारे दुरुस्त करणाऱ्या दुकानातील बावीस वर्षांच्या कामगाराला पकडण्यात आले. घटनास्थळी मिळालेल्या केसांचे परीक्षण त्याच्याशी जुळते, असे सांगण्यात आले. त्याने गुन्हा कबूल केला. इतर खुनांची नक्कल करून कोणा दुसऱ्यानेच हा केला, अशी नोंद होऊन फाइल बंद झाली, आणि त्याला जन्मठेप झाली.

लहानपणी झालेल्या पोलिओने त्या तरुणाचा एक पाय अधू होता. प्राथमिक शाळाही त्याने पुरी केलेली नव्हती. खुनी कुंपणाची भिंत चढून आत गेला, असे पोलिसांचे म्हणणे होते. ती भिंत चढणे याला शक्य होते का, हा साधा प्रश्न न्यायालयात कोणाला अडखळवू शकला नाही. तीन दिवस झोपू दिले नाही, मारहाण केली, सांगतील तसे लिहून घेतले, असे त्याने अपिलात सांगितले. ते फेटाळले गेले. सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढून २००९ मध्ये तो पॅरोलवर सुटला. सुटला, म्हणजे खुनी म्हणूनच सुटला.

वर्षांचा हिशेब येथे मांडून पाहण्यासारखा आहे. २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ चित्रपटगृहांत गर्दी खेचत होता तेव्हा हा माणूस तुरुंगात चौदावे वर्ष काढत होता. पडद्यावर एका दुबळ्या तरुणाकडून पढवलेला कबुलीजबाब वदवून घेतला जात होता आणि लोक आधी हसत होते, मग हळहळत होते. त्या लाखो सुजाण लोकांपैकी किती जणांच्या मनात आले असेल की हे जर असे चालत होते, तर ‘सुटलेल्या’ त्या एका प्रकरणाचे काय? न सुटलेल्या नऊ खुनांची हुरहूर सर्वांना होती. सुटलेल्या दहाव्याविषयी कोणालाच शंका नव्हती. दिग्दर्शकाला दोष देण्यात अर्थ नाही. उलट त्याने तळघराचे दार उघडून दाखवले होते, आणि तेही पोलिसांचे गोडवे न गाता. प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र तो कथेचा मार्ग होता, मुक्काम नव्हता. त्यांना पोहोचायचे होते खुन्यापर्यंत.

ली चुन-जेने आठवा खूनही आपणच केल्याचे सांगितले आणि त्या प्रकरणाचा खटला पुन्हा चालवला गेला. २ नोव्हेंबर २०२० रोजी सुवोनच्या न्यायालयात तो साक्षीदार म्हणून उभा राहिला. ज्याच्याशी नजरानजर व्हावी म्हणून एक चौकट घेतली गेली होती तो हा प्रेक्षक, आणि त्याला त्या चित्रपटाविषयी विचारण्यात आले. होय, तुरुंगात पाहिला होता, असे तो म्हणाला. एक चित्रपट म्हणून पाहिला. काही विशेष वाटले नाही.

जगभरच्या वृत्तपत्रांनी हे उत्तर ठळकपणे छापले. ते वाचून अनेकांना संताप आला, काहींना भीती वाटली, आणि चित्रपटावर प्रेम करणाऱ्यांना कदाचित निराशाही वाटली असेल. अपराधी माणूस आपलेच कृत्य समोर पाहून विरघळेल, निदान दचकेल, ही अपेक्षा फार जुनी आहे. कीर्तनांतून, पुराणकथांतून, नाटकांतून ती जोपासली गेली आहे. पण कलेकडून एवढी मागणी करणे रास्त नव्हे. त्याच साक्षीत त्याने, निरपराध माणसाला भोगावे लागले याबद्दल त्या माणसाची, आणि मृतांच्या आप्तांचीही क्षमा मागितली. ती किती खरी होती याचा निर्णय ज्याने त्याने करावा. चित्रपटाने जे साधले नाही ते न्यायालयातील प्रश्नोत्तरांनी, निदान शब्दांपुरते, साधले एवढे खरे.

त्याच्या साक्षीतील दुसरे एक विधान त्या मानाने मागे पडले. आपल्यावर संशय कसा आला नाही हे आपल्यालाही कळत नाही, असे तो म्हणाला. लपवण्याचा फारसा प्रयत्नही केला नव्हता. सहज पकडले जाऊ असेच वाटले होते. पोलीस पदोपदी भेटत असत, पण ते विचारत ते आसपासच्या इतर लोकांविषयी. चित्रपटातील तो डोळ्यांवरून माणूस ओळखणारा अधिकारी काल्पनिक आहे. हे विधान मात्र खऱ्या तपासाविषयी आहे.

तपासाची आणखी एक पापणी तेव्हा उघडली. १९८९ मध्ये त्याच भागातून आठ वर्षांची एक शाळकरी मुलगी नाहीशी झाली होती आणि ती बेपत्ता म्हणून नोंदलेली होती. तिलाही आपणच मारल्याचे लीने सांगितले. तिच्या शरीराचे अवशेष तेव्हाच पोलिसांच्या हाती आले होते आणि ते दडवण्यात आले होते, असे नव्या चौकशीत निष्पन्न झाले. मुलगी कधीतरी परत येईल या आशेवर तिच्या आईवडिलांनी तीस वर्षे काढली होती. ज्या खात्याचे चिकाटीबद्दल कौतुक झाले ते आणि हे दडवणारे खाते एकच.

१७ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने त्या पोलिओग्रस्त माणसाला निर्दोष ठरवले. कबुलीजबाब बेकायदा कोठडीतून आणि छळातून घेतला गेला होता, केसांच्या परीक्षणातही दोष होते, असे निकालात म्हटले आहे. न्यायाधीशांनी न्यायसंस्थेच्या वतीने त्याची क्षमा मागितली. पोलिसांनीही मागितली. त्याचे वय तेव्हा त्रेपन्न होते. पुढच्या वर्षी त्याला सुमारे अडीच अब्ज वॉन भरपाई मंजूर झाली. रुपयांत ती रक्कम सोळा-सतरा कोटींच्या घरात जाते. वीस वर्षांनी भागून पाहावे असे कोणाला वाटेल, पण हा भागाकार कोणत्याही वहीत बसणारा नाही.

खऱ्या खुन्याला मात्र या खुनांसाठी शिक्षा झाली नाही आणि होणारही नाही. खुनाचा खटला पंधरा वर्षांच्या आत भरलाच पाहिजे, असे तेव्हाच्या कोरियन कायद्यात होते. ह्वासंगच्या शेवटच्या खुनाची ती मुदत एप्रिल २००६ मध्ये संपली. चित्रपट आला तेव्हा तीन वर्षे उरली होती, आणि त्यामुळे या मुदतीविषयी लोकांत बरीच चर्चा झाली. २००७ मध्ये ती पंचवीस वर्षांवर नेण्यात आली, पण पूर्वीच्या गुन्ह्यांना ते लागू नव्हते. २०१५ मध्ये खुनासाठी ती पूर्णपणे रद्द झाली. हा बदल एका चित्रपटामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एका लहान मुलाच्या मृत्यूच्या प्रकरणाने त्याला शेवटची गती दिली. पण लाखो प्रेक्षकांची अस्वस्थता घरी जाऊन विझली नाही, असे जिथे म्हणता येईल अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे.

राहिले ते ह्वासंगचे रहिवासी. तेही प्रेक्षकच, पण निराळे. आता तिथली बरीच भातखाचरे जाऊन कारखाने आणि उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही गावाचे नाव घेतले की ऐकणारा चित्रपटाची आठवण काढतो. घरांच्या सौद्यांपासून मुलामुलींच्या ओळखीपर्यंत हे नाव आडवे येत असणार, हे व्यापारउदीम करणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको. खुनी सापडल्यानंतर या प्रकरणाला गावाचे नाव नको, अशी मागणी त्यांनी केली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये पोलिसांनी ती मान्य केली. सरकारी कागदोपत्री ते आता ‘ली चुन-जे हत्यामालिका प्रकरण’ आहे.